पाच वर्षांच्या आतले अपघात

आमच्या कार्यालयात रस्त्यांना गुण देतात. शहर आणि आजूबाजूची गावं मिळून जेवढा पट्टा होतो, त्यातल्या सगळ्या पुलांच्या, रस्त्यांच्या मागण्या वर्षातून एकदा माझ्या टेबलावर येतात. वर्दळ किती, शाळा जवळ आहे का, अपघातात माणसं किती गेली, यावरून गुण. मग यादी लावायची आणि निधी जिथे संपेल तिथे रेघ मारायची. रेघेच्या वरचं होतं. खालचं पुढच्या वर्षी पुन्हा येतं.

आमच्या घरासमोरच्या बाह्यवळण रस्त्यावरचा पादचारी पूल गेल्या वर्षी रेघेच्या लगेच खाली होता. यंदा निधी वाढलेला. त्यामुळे पूल होणार, असं मी आईला सांगून बसले होते.

त्या रस्त्यावर माझा धाकटा भाऊ गाडीखाली गेला. पलीकडच्या बसथांब्याकडे निघाला होता, एवढंच. त्यानंतर आईने एक नेम धरला. शाळा सुटायच्या वेळेला ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहते, हात वर करून गाड्या थांबवते आणि पोरांना पलीकडे सोडते. कधी ताप असतो, कधी पाऊस असतो. नेम म्हणजे नेम. मी पहिल्यांदा अडवलं, तेव्हा म्हणाली, "देवापुढे बसते तशीच तिथे उभी राहते. त्यात काय एवढं?"

यंदा तिचे पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, फार वेळ उभं राहायचं नाही. आई म्हणाली, "पूल झाला की बंद करते. मला मेलीला तो चढता यायचा नाही, पण पोरं चढतील."

नवा तक्ता करताना तारखा पुढे सरकवायच्या असतात. मागच्या पाच वर्षांच्या आतले मृत्यूच धरायचे, असा नियम आहे. मी तारीख बदलली आणि आमच्या रस्त्यासमोर शून्य आलं. धाकट्याला जाऊन पाच वर्षं उलटली होती. त्यानंतर तिथे कोणीच गेलं नव्हतं. वर्षं मला ठाऊक होती, नियम तर मीच नव्या लोकांना समजावून सांगते. पण दोन्ही गोष्टी कधी एकत्र मनात आल्याच नव्हत्या.

शेजारच्या टेबलावर नकाशे काढणारा बसतो. तो डोकावला. "काय ताई, शून्य? मग तुमचा पूल गेला की हो! पण बरंच आहे, माणसं जपून चालायला लागली म्हणायची." मग त्याला आठवलं आणि त्याने जीभ चावली. "चुकलो ताई."

"नाही रे. तक्त्यात तसंच दिसतं."

साहेबांनी आत बोलावलं. माणूस वाईट नाही. दार लोटून घेत म्हणाले, "या एका ओळीत गेल्या वर्षीचा आकडा राहू दे. कोण बघतंय?"

"मग रेघेखाली कोण जाईल?"

त्यांनी कागद चाळला. "टेकडीपलीकडचं रेल्वे फाटक."

"तिथे किती गेले?"

"तीन." कागद खाली ठेवत म्हणाले, "त्यातली एक शाळेतली मुलगी."

मी विचारलं, "आई रोज उभी राहते, हे लिहायला कुठे जागा आहे का, साहेब?"

"त्याला गुण नाहीत, बाई."

"मग शून्यच ठेवते."

यात मोठं मन वगैरे काही नव्हतं. मला काही वाटतच नव्हतं. टेबलावर चहा होता, त्यावर साय धरली होती, ती बाजूला करून मी प्यायले. यादी छापली, सही केली आणि पुढे पाठवली.

घरी आले तर आई गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसली होती.

"काय गं, झालं का?"

"नाही झालं."

"का? पैसे तर वाढले म्हणालीस."

मी सगळं सांगितलं. पाच वर्षांचं, शून्याचं, फाटकाचंही. ती ऐकत राहिली. टबातलं पाणी निवत होतं.

"म्हणजे मी उभी राहिले म्हणून पूल नाही?"

काहीतरी दुसरं सांगता आलं असतं. "हो," मी म्हटलं.

"नसते उभी राहिले, तर एखादं लेकरू गेलं असतं. मग झाला असता."

"कदाचित."

"बघ बाई. म्हणजे माझंच मला नडलं." ती किंचित हसली, आणि हसू ओठांवरच राहून गेलं. मग म्हणाली, "नडू दे. टॉवेल दे इकडे."

मी तिचे पाय पुसले. बोट दाबलं तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चपला तिच्या पायात जाईनात. तिने एकदा सरकवून पाहिल्या, दुसऱ्यांदा दाबून पाहिल्या, मग कडेला ठेवल्या. "आज कसं करायचं गं?" असं म्हणाली, पण माझ्याकडे बघून नाही. मी डबा भरला आणि कामावर गेले.

दुपारी साहेबांना म्हटलं, मला आजपासून लवकर निघावं लागेल. त्यांनी कारण विचारलं नाही. मी घरी न जाता सरळ रस्त्यावर गेले. पोरं पाठीवर दप्तरं घेऊन कडेला दाटी करून उभी होती. त्यांनी माझ्या मागे पाहिलं, आई येतेय का म्हणून. हात माझाच होता, पण वर उचलायला जड गेला.

एक ट्रक करकचून थांबला. चालकाने खिडकीतून डोकं काढलं. "काय हो बाई, मरायचंय का? आजी कुठंयत?"

"घरी. पाय सुजलेत त्यांचे."

"मग आता तुम्ही?"

"मी."

"रोज?"

"रोज."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने इंजिन बंद केलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. पोरं रेंगाळत, एकमेकांना ढकलत पलीकडे जात होती. शेवटचं पोर पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत मी हात खाली घेतला नाही.