निळ्या जर्सीतली पोरं

सोलापूर स्टेशनावर गाडी थांबली, तरी बिरुदेव जागचा उठेना. बाकीचे उतरून जाऊ देत, मग बघू, असं त्याचं चाललं होतं. बॅगेवर मोठ्या अक्षरांत 'इंडिया' लिहिलेलं होतं. ते झाकायला त्यानं मुंबईतच तिच्यावर टॉवेल बांधला होता. गुपचूप एसटी धरायची आणि सांगोल्याच्या अलीकडे आपल्या गावच्या फाट्यावर उतरून आडवाटेनं घर गाठायचं, एवढंच त्यानं ठरवलं होतं. पण तो आज येणार हे धाकटी बहीण प्रियंका घरी बोलून गेली होती. त्याचा बाप भिमा पहिल्या गाडीनं येऊन फलाटावर हजर होता. डोक्याला नवा पटका, खांद्यावर घोंगडं, हातात भंडाऱ्याची पुडी.

"आलं की माझं वाघरू!" भिमा एवढ्या मोठ्यानं ओरडला की हमालसुद्धा वळून बघायला लागले. त्यानं पोराचं कपाळ भंडाऱ्यानं पिवळंधमक करून टाकलं आणि बॅगेवरचा टॉवेल ओढून काढला. "हे कशाला झाकलंस? दिसू दे की मानसास्नी."

बिरुदेवनं बॅग उचलून अक्षरं अंगाकडं वळवली.

तिकडं घडलं होतं ते असं. बीच सॉकर म्हणजे वाळूवरचा फुटबॉल. एका बाजूला पाच जण, सगळे अनवाणी. बिरुदेव माणगंगेच्या कोरड्या पात्रात मेंढरांमागं पळत वाढलेला. वाळूत पाय कसा टाकायचा हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. सोलापुरात कॉलेजला असताना तो फुटबॉल खेळायला लागला, गोव्यातल्या निवड चाचणीत त्याचं पळणं कुणाच्या तरी डोळ्यांत भरलं, आणि शिबिरांमागून शिबिरं करत तो भारताच्या संघात गेला. गोलरक्षक प्रभुलिंग त्याच्याच जिल्ह्यातला, अक्कलकोटकडचा, घरी कन्नड बोलणारा. दोघं एकाच खोलीत राहायचे आणि एकमेकांच्या घरच्या चटण्या खायचे.

थायलंडमधल्या आशियाई स्पर्धेत गटातला शेवटचा सामना यजमानांशी होता. जिंकलं तर पुढची फेरी. निळा रंग त्या दिवशी यजमानांच्या वाट्याला गेला आणि एरवी निळ्यात खेळणारा भारताचा संघ पांढऱ्या जर्सीत उतरला. खेळ संपत आला तरी बरोबरी होती. तेवढ्यात एक उंच चेंडू भारताच्या गोलासमोर आला. प्रभुलिंग पुढं धावत ओरडला, "बिडू! बिडू!" म्हणजे कन्नडमध्ये, सोड, मी घेतो. एरवी दोघं मैदानावर मराठीतच हाका मारायचे, पण घाईत माणसाच्या तोंडी घरची भाषा येते. लोकांच्या गलक्यात बिरुदेवला ऐकू आलं, "बिरू! बिरू!" चेंडू घे म्हणतोय, असं समजून त्यानं झेप घेऊन डोकं लावलं. चेंडू पुढं आलेल्या प्रभुलिंगच्या हातावरून आपल्याच रिकाम्या गोलात गेला.

भारत हरला आणि स्पर्धेबाहेर पडला. निळ्या जर्सीतली पोरं नाचत आली. त्यांतल्या एकानं वाळूत गुडघे टेकलेल्या बिरुदेवला मिठी मारली आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याला दया आली असावी.

ही सगळी चित्रफीत गावातल्या कुणीतरी भिमाच्या फोनवर पाठवली होती. भिमाला वाचता येत नव्हतं. त्याला दिसलं ते एवढंच: पोरानं चेंडूला डोकं लावलं, चेंडू जाळ्यात गेला, आणि आपली निळी पोरं त्याला मिठ्या मारायला धावली. पोराच्या अंगावरचा रंग त्याच्या ध्यानातही आला नाही.

फलाटाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर भिमानं फोन काढला. "बघा वो, ह्यो गोल माझ्या पोरानं मारलाय. परदेशात!" चहावाला तरुण होता. त्यानं चित्रफीत पाहिली, कोपऱ्यातले आकडे पाहिले, आणि मग बिरुदेवकडं पाहिलं. बिरुदेवनं मान खाली घातली.

"लई भारी, काका," चहावाला म्हणाला आणि त्यानं बिरुदेवच्या हातात पेला दिला.

एसटीत कंडक्टरनं बघितलं, शेजारच्या बाईनं बघितलं. तिऱ्हे मागं पडलं, मंगळवेढं गेलं. दर थांब्यागणिक बिरुदेव मनात म्हणायचा, आता सांगतो. भिमा खिडकीशी बसून सांगत होता, "तुझ्या आयनं बिरुबाला बोलल्याला नवस फेडायचाय. आपला शिंगाळा एडका देवाच्या नावानं सोडलाय म्यां." तो एडका विकायला भिमानं कुणा कुणाला नाही म्हटलं होतं, ते बिरुदेवला माहीत होतं. तो तिकिटाची घडी घालत राहिला.

गावात हलगी लागली होती. आई बनाबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. गर्दी पांगल्यावर प्रियंकानं त्याला चुलीपाशी गाठलं.

"दादा, आबांना सांग. पोरं मागनं हसत्यात. चावडीपुढनं आबा गेलं की 'गोलवालं म्हातारं आलं' म्हणत्यात."

"तू का न्हाय सांगितलंस?"

"लई डाव तोंड उघडलं." तिचे डोळे भरून आले. "पर त्यो गोल दावाया हाक मारत्यात, तेवढ्या आनंदानं त्यांनी मला आदी कवा हाक मारली न्हवती रं. आन ऐक. संध्याकाळी शाळेपुढं सत्कार हाय. सरपंचांनी मोठा पडदा आणलाय, त्यास्नी बी खरं ठाव न्हाय. त्यावर त्योच गोल दावनार हायत."

बिरुदेव तसाच उठला. भिमा मेंढरांच्या वाडग्यात कोकरांना पाला टाकत होता. गुणगुणत होता.

"आबा, सत्काराला जायचं न्हाय आपन."

"का? दमलास व्हय?"

"त्यो गोल माझा न्हवता."

"म्हंजी? तुजंच डोकं लागलंय की. म्यां काय आंधळा हाय?"

"डोकं माझंच लागलं. पर ती जाळी आपलीच हुती. माझ्यामुळं आपन हरलो, आबा."

भिमा हसला. पोरगं थट्टा करतंय असं वाटून तो हसला आणि हातातला पाला कोकरापुढं धरून तसाच उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "मग ती आपली पोरं तुला मिठ्या का मारत हुती?"

"ती आपली न्हवती. त्या दिशी निळी जर्सी त्यांची हुती. आमी पांढऱ्यात हुतो."

भिमानं फोन काढला. चित्रफीत लावली. डोळ्यांशी धरून पाहिली. परत पाहिली. या वेळी तो निळ्या पोरांकडं बघत नव्हता. कडेला तीन पांढऱ्या जर्सी होत्या. कुणी डोकं धरलं होतं, कुणी वाळूत आडवं पडलं होतं. त्या इतके दिवस तिथंच होत्या.

"टेसनावर का न्हाय बोललास?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता, आणि तेच बिरुदेवला सोसेना.

"तुमचं त्वांड बघून धीर झाला न्हाय."

भिमा खाली बसला. कोकरू त्याच्या हातातला पाला ओढत राहिलं. "म्यां सांगोल्याच्या बाजारात दावलं," तो म्हणाला. "पावन्यारावळ्यांत दावलं. तुज्या मामाच्या गावाला मुद्दाम गेलो. समदी हसली असत्याल."

"आबा..."

"मला हसू दे रं. मला काय व्हतंय. तुला हसली असत्याल."

संध्याकाळी भिमा एकटाच आधी शाळेपुढं गेला. सरपंच उदयसिंह मांडवात खुर्च्या लावून घेत होते. भिमानं त्यांना बाजूला घेऊन काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही, पण पडदा गुंडाळून ठेवला गेला. सत्कार मात्र झाला. बिरुदेवला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. मागच्या रांगेतली पोरं खुसफुसत होती. मग कुणीतरी माईक भिमापुढं आणला. "आबा, दोन शब्द बोला. तुमी तर रोज बोलताय."

भिमा उभा राहिला. माईक किंचाळला. समोर सगळं गाव बसलं होतं. बापाचे ओठ हलताना बिरुदेव बघत होता.

"पोरगं..." भिमा अखेर म्हणाला. "पोरगं लांबनं आलंय. भुक्याजलंय. त्येला घरी जाऊ द्या."

आणि तो पोराचा हात धरून मांडवाबाहेर चालायला लागला. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर घरात फुटबॉलचा विषय निघाला नाही. एडका देवाचा झाला होता, तो परत आणता येत नव्हता आणि आणावा असं कुणी म्हणालंही नाही. पावसाळा सरता सरता पुढच्या शिबिराची नावं निघाली. प्रभुलिंगचा फोन आला.

"तुझं नाव नाही रे, बिरू," तो म्हणाला. "मी कोचना सांगितलं, चूक माझी होती, मी कन्नडमध्ये ओरडलो. ते म्हणाले, चेंडू तर त्यानंच मारला."

"खरंय त्यांचं," बिरुदेव म्हणाला. "तू नीट खेळ."

दिवाळीआधी त्यानं सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम धरलं. यंत्रमागांच्या खडखडाटात कुणाशी बोलावं लागत नव्हतं, तेवढं त्याला बरं वाटायचं. शेडमध्ये कुणालाच तो भारताकडून खेळलाय हे माहीत नव्हतं.

एका दुपारी सुट्टीच्या वेळेला भिमा कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. फडक्यात भाकरी आणि शेंगांची चटणी होती. दोघं भिंतीच्या सावलीला बसले. भिमानं पोराच्या केसांत अडकलेले कापसाचे तंतू बघितले, पण काढले नाहीत.

"हितं वाळू न्हाय कुटं," तो आजूबाजूला बघत म्हणाला.

"न्हाय, आबा."

"मग पळतुस कुटं?"

"पळत न्हाय आता."

भिमानं भाकरीचा तुकडा मोडून पोराच्या हातात दिला. बिरुदेवनं तो तोंडात घातला आणि त्याला चावताच येईना. वाळूवर, विमानात, मांडवात, कुठंही न आलेलं रडं तिथं भर रस्त्याच्या कडेला फुटलं. सायकलींवरून जाणारे कामगार बघत होते. भिमाला काय करावं सुचेना. त्यानं खांद्यावरचं घोंगडं काढून पोराच्या पाठीवर टाकलं, आणि आत भोंगा वाजला तरी तो त्याला ऊठ म्हणाला नाही.