मल्याळम, बंगाली आणि मधे मी

मी घंटी बोलतेय. देवळातली नव्हे, तिला मान असतो. मी टेबलावरची, पालथ्या वाटीएवढी. डोक्यावर टपली बसली की 'टिंग' करणारी. दुसऱ्यांची बोलणी तोडणं, एवढाच माझा धंदा.

कुंभकोणमकडच्या एका पितळकाम करणाऱ्याच्या भट्टीत माझा जन्म झाला. माझ्याबरोबरच्या समया देवघरांत गेल्या, मी चेन्नईच्या एका कचेरीत. तिथे साहेब मला हाणत आणि शिपाई ऐकू न आल्याचं सोंग करी. पुढे विजेची घंटी आली आणि मी अडगळीत पडले. हेडक्लार्क व्यासराज यांनी निवृत्त होताना मला मागून घेतलं. घराणं तंजावरचं मराठी, जुनं काही टाकवत नाही. अण्णा नगरातल्या घरी त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि सांबार हवं म्हणून एकदाच वाजवलं.

"मी काय तुमची शिपाई?" त्यांच्या पत्नी वसंताबाई म्हणाल्या. त्याच दिवशी मी माळ्यावर गेले.

माझं नशीब उघडलं दोन हजार पाच साली, भाषेच्या भांडणामुळे.

आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळचा एकच तास रिकामा होता. तळमजल्यावरच्या अच्युतन सारांना, म्हणजे सरांना, तो मल्याळमच्या वर्गासाठी हवा होता, तिसऱ्या मजल्यावरच्या घोषालबाबूंना बंगालीच्या. दुखणं दोघांचं एकच. अच्युतन सारांची म्हातारी आई केरळातल्या ओट्टप्पालमहून फोन करी, तेव्हा पणतू मनू 'हॅलो' म्हणून रिसीव्हर आजोबांच्या हाती देई. "मुलगा मुका आहे का रे?" म्हातारी काळजीनं विचारी. मुका कसला, तमिळमध्ये दिवसभर कॉलनी डोक्यावर घेई! घोषालबाबूंची नात मिष्टू तर कोलकात्याच्या पणजीवर तमिळमध्ये रागवायची. पणजीला वाटायचं, पोर गाणं म्हणतेय.

कॉलनीचा सेक्रेटरी उपेंद्र पुण्याहून आलेला संगणकवाला. त्यानं व्यासराजांना बजावलं, "काका, या रविवारी सोक्षमोक्ष लावा. नाहीतर तो तास मी कराटेला देतो. ती मुलं निदान एका सुरात तरी ओरडतात."

झालं! वादविवाद ठरला: मल्याळम श्रेष्ठ की बंगाली? प्रत्येकी पाच मिनिटं. घंटी झाल्यावर एक शब्द जरी बोलला, तरी बाद. पंच व्यासराज, कारण त्यांना दोन्ही भाषा येत नव्हत्या. याला कॉलनीत निःपक्षपातीपणा म्हणतात. मला माळ्यावरून काढून, चिंचेनं घासूनपुसून टेबलावर मांडलं. काय सांगू, माझ्या पितळेला घाम फुटला होता!

अच्युतन सार उठले. आमच्या भाषेत संस्कृत किती मुरलंय, म्हणाले. आमचं क्रियापद बाई-पुरुष असा भेद करत नाही, म्हणाले. घोषालबाबू उठले आणि त्यांनी हेच दोन्ही दावे बंगालीच्या नावावर लावले. मग फळ्यावर अक्षरं निघाली. मल्याळमची गोल गोल, ताटात मांडलेल्या मुरुक्कूंसारखी, म्हणजे आपल्या चकल्यांसारखी. बंगालीची दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. आणि हे सारं इंग्रजीत! मुलं मागे खुर्च्यांची आगगाडी करत होती. दोघेही घड्याळ बघून वेळेत बसले.

"अय्यो, म्हणजे इंग्रजीच जिंकली की हो!" वसंताबाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या.

व्यासराजांनी चष्मा पुसला आणि हुकूम सोडला, "पुन्हा. आपापल्या भाषेत. नियम तेच."

अच्युतन सार आधी चाचरले. मग त्यांचा स्वर खाली उतरला आणि एकदम देवळातला चेंडा ढोल वाजू लागावा तसे शब्द सुटले. जीभ टाळूला वळसे घाली, मधेच नाकातून गुंजारव. हातवाऱ्यांवरून गोष्ट देवळातल्या हत्तीची होती. तो त्यांच्या शाळेच्या दारात अडकला होता. "यानै!" मनू तमिळमध्ये ओरडला. "आना!" आजोबांनी मल्याळममध्ये बजावलं. "आना! आना!" सगळी पोरं ओरडली, आगगाडी मोडून पुढे आली.

पाच मिनिटं संपली. व्यासराजांचा तळवा माझ्यावर आला... आणि हवेतच राहिला. ते हत्ती दारातून निघतो का, ते पाहत होते!

हत्ती निघाला तेव्हा वेळ केव्हाच उलटून गेली होती.

मग घोषालबाबू. त्यांचे ओठ गोल, शब्दही गोल. गरम चहावर फुंकर घालावी तशी भाषा. मांजरानं हिलसा मासा पळवला आणि जावईबापूंच्या खाटेखाली नेला. जावईबापू झोपेत, सासरे खाटेखाली. मिष्टू हसून लोळली. "अप्पुरम?" म्हणजे पुढे काय, मनूनं तमिळमध्ये विचारलं. घोषालबाबूंनी तेच बंगालीत त्याच्याकडून म्हणवून घेतलं, "तारपर?" आणि मगच खाटेखाली पुढे सरकले. तळवा याही वेळी हवेतच.

उपेंद्र घड्याळ दाखवत उठला. "काका, दोघांचीही वेळ उलटली. दोघेही बाद. कराटे!"

अच्युतन सार निघायला उठले. मनूचा हात त्यांच्या हातात होता.

"घंटी वाजली का?" व्यासराजांनी शांतपणे विचारलं.

"नाही, पण..."

"मग नियमाप्रमाणे वेळ संपलेली नाही. दोघांचीही भाषणं चालू आहेत. उरलेली पुढच्या रविवारी, याच तासाला. मुलांनी हजर राहावं."

"आणि निकाल?"

"विचाराधीन."

उभ्या नोकरीत त्यांनी कितीतरी फायली अशाच जिवंत ठेवल्या होत्या. पण एवढी देखणी एकही नव्हती! उपेंद्र हात जोडून हसत सुटला.

या गोष्टीला आता चार वर्षं होत आली. भाषणं चालूच आहेत. एका रविवारी हत्ती, एका रविवारी मांजर. सगळी पोरं दोन्हींना बसतात. परवा मनू पणजीशी फोनवर भडाभडा मल्याळम बोलला. म्हातारी रडली, मग म्हणाली, "बोलतो छान, पण तोंडात रसगुल्ला धरून का बोलतो रे?"

माझी स्प्रिंग गंजलीय. हॉलच्या टेबलावर असते मी, मधोमध. कधी आलात तर बसा, ऐका. समजलं नाही तरी चालेल, पंचांनाही समजत नाही. आयुष्यभर मी वाजण्याची नोकरी केली, आता न वाजण्याची करतेय. पेन्शन नको. फक्त टपली मारू नका.