चार दिवसांचं पाणी

दिवाळीला हौसाचा नवरा मुंबईहून आगबोटीनं घरी आला, तो मटाराचं बी घेऊन. शेजारची काशी हसली. "जांभ्यात मटार? त्यापेक्षा दगड पेर गो, निदान वाळायचे तरी नाहीत."

नवरा परत गिरणीत गेला. हौसानं हट्टानं परसात मिरचीच्या जागी दोन वाफे केले, शेणखत घातलं, वेलांना आधाराला काटक्या रोवल्या. सासू, तुळसा, एवढंच म्हणाली, "या खेपेला जागा दिली. नाय आलं तर वाफे पुन्हा मिरचीला."

पौषात वेल फुलावर आले आणि नेमकी तेव्हाच हौसा बाहेरची झाली. चार दिवस पडवीच्या कोपऱ्यात बसायचं. विहिरीला शिवायचं नाही, वेलाला तर नाहीच नाही. बाईच्या विटाळानं वेल करपतो, हे काय कुणी शिकवायला हवं? इकडे तुळसाचा गुडघा सुजलेला, तिला पोहरा ओढवेना.

"आत्याबाई, वेलांना पाणी?"

"राहू दे. चार दिवसांत काय मरत नाय."

पण जांभ्याची माती ती, पाणी धरणार कुठून? दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तशा वेलांनी माना टाकल्या. हौसा बसल्या जागेवरून बघत राहिली. विटाळानं करपायचे तर करपोत, तहानेनं का म्हणून? ती उठली, पदर खोचला आणि विहिरीत पोहरा सोडला.

"विहिरीला शिवलीस, मेले!" तुळसा ओरडली.

"शिवले. विहीर काय आटली नाय."

दोन्ही वाफे भिजले. पुढचे दोन दिवसही भिजले. तुळसानं बोलणं टाकलं, पण रोज सकाळी लंगडत जाऊन वेल करपले का, ते बघून यायची.

ते करपले नाहीत. शेंगा टपोऱ्या भरल्या, तेव्हा तुळसानं सुनेला हळूच बजावलं, "कुणी विचारलं तर पाणी मी घातलं म्हण."

हौसा आणि तुळसा टोपलीत शेंगा तोडत असताना काशी कुंपणाशी आली. "ओंजळभर दे गो मला."

"घे की," हौसा म्हणाली. "पण आधी ऐक. फुलावर होते तेव्हा मी बाहेरची होते. विहिरीचं पाणी काढून मीच घातलंय."

काशीचा पुढे आलेला हात तिथंच थांबला. "अगो बाय! मग हे खायचे कसे?"

तुळसानं सुनेकडे जळजळीत बघितलं. मग टोपलीतली एक शेंग उचलली, फोडली आणि दाणे तोंडात टाकले.

"असे," ती चावत म्हणाली.