खिडकीतून टाकलेली दस्ती

मला नाक पुसायचं फडकं म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही. मित्रांनो, मी एक जुनी दस्ती आहे. तुम्ही ज्याला रुमाल म्हणता, त्याला आमच्या बीड जिल्ह्यात दस्ती म्हणतात. आता माझा रंग नेमका कोणता, ते सांगणं अवघड आहे; पण एके काळी मी पांढरीशुभ्र होते आणि माझ्या कडेनं निळ्या रेघांची चौकट होती. सध्या माझा मुक्काम शिरूर कासारला, ज्ञानोबांच्या घरात, दाराआडच्या खिळ्यावर आहे. खिळ्यावर टांगलेल्यांना आठवणी काढायला वेळच वेळ असतो. म्हणून म्हटलं, आज तुमच्याशी बोलावं.

माझा जन्म कुठल्या मागावर झाला ते मला माहीत नाही. मला आठवतो तो आठवडी बाजार आणि मला दोन बोटांत धरून चाचपणाऱ्या मनकर्णाबाई. "हीच घ्या. दाट हाय, लई दिवस टिकंल," असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. त्यांचे यजमान म्हणजे ज्ञानोबा. ते गवंडी होते. गावातली निम्मी घरं कोयता घेऊन ऊसतोडीला जायची, तेव्हा हे मात्र मिळेल त्या भिंतीवर काम करत गावातच राहायचे. मुलीची शाळा बुडू नये, एवढंच त्यामागचं कारण होतं.

ती मुलगी म्हणजे यशोधरा. बारावीनंतर तिला बीडच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला आणि माझ्या नशिबाला खरं काम आलं. दर सोमवारी सकाळी ती बीडला जायची आणि शनिवारी परत यायची. आता सोमवारची बस म्हणजे काय, हे आमच्याकडच्या मुलांना सांगायला नको. शाळेचे मास्तर, कोर्टाच्या तारखेची माणसं, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या, सगळे एकाच लाल बसची वाट बघत उभे. अशा वेळी दारातून चढणारा माणूस उभाच राहतो. बसायचं असेल, तर बस थांबायच्या आत खिडकीतून आपली वस्तू सीटवर पडली पाहिजे. कुणी टोपी टाकतं, कुणी पिशवी. एका आजोबांनी तर एकदा चप्पल टाकली होती. ज्ञानोबा मला टाकायचे.

त्यांचा नेम काय सांगू! आयुष्यभर विटा फेकण्या-झेलण्यात तयार झालेला हात तो. माझ्या एका टोकाला गाठ मारायचे, म्हणजे मी वाऱ्यानं भरकटत नसे. बस वळण घेऊन आत आली की ते तिच्यासोबत दोन पावलं पळायचे आणि मी सूं करून थेट खिडकीशेजारच्या सीटवर. एकदा मी पडले, की ती जागा आमची. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, पण मोठमोठी माणसं तो पाळतात.

मोठमोठी म्हणजे किती मोठी, ते ऐका. एकदा गावचे पुढारी सुंदरराव गाडी बिघडली म्हणून बसमध्ये चढले. कडक इस्त्री, मनगटात सोन्याचं कडं. ते बसणार तोच खाली मी दिसले. "कुणाची दस्ती हाय बे ही?" त्यांनी आवाज चढवून विचारलं. खिडकीखालून ज्ञानोबा शांतपणे म्हणाले, "माझ्या लेकीची जागा हाय, सुंदरराव. ती बीडला शिकायला चाललीय." सुंदररावांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा पुस्तकं छातीशी धरून आलेल्या यशोधरेकडं पाहिलं, आणि वरचा दांडा धरून उभे राहिले. त्या दिवशी मला इतकी घट्ट गाठ मारलेली असूनही मी फुगले होते.

जागा मिळाली की यशोधरा मला खिडकीतून परत द्यायची. खाली ज्ञानोबांचा हात वर झालेलाच असायचा. मला खिशात घालून ते बस दिसेनाशी होईपर्यंत उभे राहायचे आणि मग कामावर जायचे. इतक्या वेळा जागा धरली, पण त्या जागेवर ते स्वतः एकदाही बसले नाहीत. कुठं जायचं तर चालत, नाहीतर काळीपिवळी जीपच्या मागं लटकून. एकदा यशोधरेनं विचारलंच, "बाबा, तुमी कधी बसणार माझ्याशेजारी?"

"बसू की. तू नोकरीला लाग, मग दोघं मिळून लांब जाऊ," ते म्हणाले.

"लांब म्हंजे कुठं?"

"समुद्र बघू. मी न्हाई बघितला आजून."

बस सुटली. ते बोलणं ती विसरली असेल असं मला वाटलं होतं, पण ती विसरली नव्हती.

यशोधरा नर्स झाली. काही वर्षं बीडच्या दवाखान्यात राबली, परीक्षा दिल्या आणि एक दिवस तिला आयर्लंडची नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी नेहमीसारखीच बस आली, मी नेहमीसारखीच सीटवर पडले, आणि तिनं नेहमीसारखंच मला खिडकीतून खाली धरलं. पण ज्ञानोबांनी मला घेतलं नाही. तिची मूठ त्यांनी माझ्यासकट बंद केली. "असू दे तुझ्यापाशी. तिथं बी जागा धरावी लागंल," एवढंच म्हणाले. मनकर्णाबाई मागं पदरानं डोळे पुसत होत्या. विमानतळावर यशोधरेनं मला ओळखीची खूण म्हणून बॅगेच्या कडीला बांधलं आणि मी देश सोडला.

आयर्लंड हे बेट चारी बाजूंनी पाण्यात आहे, मित्रांनो. मला वाटलं, आता आपली चांदी. इतकं पाणी, इतक्या बसगाड्या, इतक्या आगगाड्या, बोटी! पण कसलं काय. तिथल्या बसच्या खिडकीतून दस्ती काय, कागदाचा कपटाही आत जात नाही. माणसं शिस्तीत रांग लावतात. बस हवी असेल तर थांब्यावर हात पुढं करायचा, नाहीतर ती खुशाल निघून जाते. चढताना कार्ड टेकवायचं. उतरताना ड्रायव्हरला मोठ्यानं 'थँक्यू' म्हणायचं. हे मला फार आवडलं. आपल्याकडं ड्रायव्हरला कुणी असं म्हटलं, तर तो बिचारा घाबरून मागं बघेल.

मी बेकार झाले. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर यशोधरा माझ्यानं काचेवरची वाफ पुसायची आणि बाहेर पाऊस बघत बसायची. कधी केरळची एक मैत्रीण आपल्या गाडीतून तिला चिंचोळ्या रस्त्यांनी, मेंढ्यांच्या कळपांमधून समुद्रकड्यांवर न्यायची. कधी दोघी बोटीनं एखाद्या बेटावर जायच्या. पण ती एकटी असली आणि किनाऱ्यानं जाणाऱ्या लोकल गाडीत बसली, की एक गोष्ट करायची. शेजारच्या रिकाम्या सीटवर मला पसरायची. कुणी आलं की लगेच उचलायची, कुणी गेलं की पुन्हा पसरायची. गाडी अगदी लाटांच्या कडेनं जायची. ती समुद्राकडं बघायची नाही, माझ्याकडं बघायची. मी कुणाची जागा धरून आहे, हे आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

फोनवर ती रोज म्हणायची, "या ना बाबा." ते म्हणायचे, "बघू, पावसाळा होऊ दे." मग म्हणायचे, "बघू, एक भिंत अर्धी हाय." अर्धी भिंत काही पुरी होईना. शेवटी तिनं तिकीटच काढून पाठवलं. मनकर्णाबाईंनी विमानात कोंडून घ्यायला साफ नकार दिला, पण नवऱ्याला मात्र ढकलून पाठवलं. "जा म्हणते ना! लेक वाट बघायलीय."

असे ज्ञानोबा यशोधरेच्या शहरात, डब्लिनला आले. नवा स्वेटर, कानाला मफलर, आणि डोळ्यांत तेच बसस्टँडवरचं बघणं. यशोधरेनं दोघांसाठी समुद्राच्या कडेनं लांब जाणाऱ्या आगगाडीत शेजारशेजारच्या जागा राखल्या. त्या गाडीत राखीव सीटच्या वर बारीक दिव्यांच्या अक्षरांत माणसाचं नाव उमटतं. यशोधरेनं बोट ठेवून दाखवलं. "बाबा, हे तुमचं नाव." ज्ञानोबा कितीतरी वेळ मान वर करून बघत राहिले. त्यांनी दुसऱ्यांच्या घरावर कितीतरी नावाच्या पाट्या बसवल्या होत्या. स्वतःचं नाव असं लागलेलं ते पहिल्यांदाच बघत होते.

मग त्यांनी तिच्या हातातून मला घेतलं, खिडकीजवळच्या सीटवर टाकलं आणि म्हणाले, "बस माय." यशोधरा हसली आणि बॅग वर ठेवायला वळली. ती बॅग ठेवून मागं बघते, तर बाबा नाहीत.

कुठं असतील सांगा? ते खाली उतरले होते! जन्माची सवय हो. लेकीला जागा मिळाली, आता आपलं काम खिडकीखाली. ते फलाटावर आमच्या काचेसमोर उभे होते आणि दस्ती परत घ्यायला त्यांनी हात वर केला होता. यशोधरा ओरडली, "बाबा, आत या! तुमी बी यायचंय!" काच कसली उघडतेय? दारं आपोआप मिटली. गाडी हलली. त्यांचा वर केलेला हात तसाच राहिला आणि मग तो हात, तो मफलर, सगळंच मागं गेलं.

मित्रांनो, मी पुष्कळ निरोप पाहिले होते, पण असा नव्हता पाहिला. त्यांना ना भाषा येत होती, ना रस्ता ठाऊक होता. त्यांचा फोन होता, तो वर ठेवलेल्या बॅगेत. यशोधरा रडत गाडीतल्या कर्मचाऱ्याकडं धावली. त्या भल्या माणसानं स्टेशनला फोन लावला. तिथल्या एका बाईंनी मफलरवाले बाबा शोधून काढले, त्यांना किनाऱ्यानं येणाऱ्या लोकलमध्ये चढवून दिलं आणि तसा निरोप दिला. यशोधरा बॅग खांद्याला लावून, मला मुठीत आवळून वाटेतल्या ब्रे नावाच्या गावी उतरली. आमची नावं मिरवत त्या दोन रिकाम्या खुर्च्या पुढं निघून गेल्या.

लोकल आली. यशोधरा डब्यामागून डबा बघत पळाली. मधल्या डब्यात ते दिसले, तशी ती आत चढली. डबा निम्मा रिकामा होता आणि ज्ञानोबा दाराजवळचा दांडा दोन्ही हातांनी धरून उभे होते. डोळे खाली. सगळ्या वाटेनं बाहेर समुद्र होता आणि त्यांनी तो बघितलाच नव्हता.

"बाबा, उभे कावून? एवढ्या जागा रिकाम्या हायत!"

"नाव न्हवतं न माझं इथं," ते हळूच म्हणाले. "माझी जागा त्या गाडीत गेली. कुणी उठ म्हणलं तर काय सांगू?"

यशोधरेनं माझ्या टोकाला गाठ मारली. समोर दोन रिकाम्या सीटा होत्या. चार पावलांवरून तिनं मला फेकलं. तिचा नेम बापासारखा नाही, मी जेमतेम कडेवर पडले, पण पडले. "बसा," ती म्हणाली. "मी धरलीय तुमच्यासाठी. कुणी उठवणार न्हाई."

ज्ञानोबा बसले. सुंदररावांना उभं ठेवणारा तो माणूस, त्याच्या गुडघ्यावर मी होते आणि त्यानं मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. गाडी एका काळ्या बोगद्यात शिरली, बाहेर आली, आणि कड्याखाली सगळा समुद्र एकदम उघडा पडला. "आगं माय," ते म्हणाले. पुढं कितीतरी वेळ एवढंच म्हणत होते. यशोधरा त्यांच्या खांद्याला टेकून बसली होती. या वेळी तिनं समुद्र बघितला.

सुट्टी संपली, ते गावी परतले. त्यानंतर शेजारच्या सीटवर पसरताना मला पहिल्यापेक्षा जड वाटायचं. कारण आता ती जागा कशी भरते, ते मला माहीत झालं होतं.

यंदाच्या हिवाळ्यात यशोधरा मला घेऊन शिरूर कासारला आली. घरात पुरणपोळ्या झाल्या, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीला नवा हार आला, आणि बघता बघता निघायचा दिवस उजाडला. स्टँडवर तीच गर्दी. तिनं मला ज्ञानोबांच्या हातात दिलं. "टाका बाबा." ते आता दोन पावलं पळू शकत नाहीत, पण नेम तोच. मी सीटवर पडले. यशोधरा चढली, मला शेजारी सरकवून खिडकीत बसली आणि खाली बघू लागली. खाली कुणीच नव्हतं. वर झालेला हात नव्हता.

इतक्यात दाराकडून आवाज आला, "सरका, सरका, आमची जागा धरलेली हाय." गर्दीतून वाट काढत ज्ञानोबा आले, मला उचललं आणि लेकीच्या शेजारी टेकले. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?"

"बीड," ते म्हणाले. "दोन द्या."

बीडच्या स्टँडवर तिनं मला त्यांच्या मुठीत दिलं आणि मूठ बंद केली. परत येताना मी त्यांच्या खिशात होते. तेव्हापासून या खिळ्यावर आहे. ज्ञानोबा कामावरून आले की एकदा मला चाचपून बघतात. मला धुतात, पण कशाला वापरत नाहीत. मला इथं समुद्राची आठवण येते आणि तिथं तिला आमची येत असेल.

मित्रांनो, तुमच्यासाठीही कुणीतरी धावत जाऊन जागा धरत असेल. तुम्ही ऐटीत खिडकीत बसता आणि हात हलवता. पुढच्या वेळी हात हलवायच्या आधी थोडे सरका, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला वर बोलवा.

बाहेर बस आल्याचा आवाज येतोय. ती आपली नाही, यशोधरेला यायला अजून वर्ष आहे. तरी खिळ्यावर मी जरा ताठ होते.