मावशीला दोन बाप

नाशकात बोलपट सुरू झाले होते, तरी वणीच्या चैत्रातल्या जत्रेत मैनाबाईच्या तमाशाला भर उन्हात मरणाची गर्दी व्हायची. लोक यायचे ते गवळणीतली मावशी बघायला. ही मावशी म्हणजे सायखेड्याचा बहिरू. मिशा सफाचट, नाकात नथ, चालीत ठसका. तमाशाचा नाद लागला म्हणून बापानं त्याला काठी घेऊन घराबाहेर काढलं, तेव्हा फडातल्या हबीब ढोलकीवाल्यानं जवळ केलं. आपल्या ताटात जेवू घातलं, ताल शिकवला. बहिरू त्याला अब्बा म्हणायचा.

त्या दुपारी गवळण ऐन रंगात आली आणि मुंडासं बांधलेला एक म्हातारा गर्दी कापत थेट रंगमंचाच्या फळ्यांवर चढला. बहिरूनं त्याला लगेच ओळखलं. तो रंगनाथ होता, त्याचा बाप. पण समोरच्या मावशीला रंगनाथनं ओळखलंच नाही.

"बाई, माझा पोरगा हाय ह्या फडात. कुठं दडवलाय?"

बहिरूला आत पळता आलं असतं. पण समोर माणसं बसलेली असली की त्याची जीभ त्याचं ऐकत नसे. पदर सावरत तो नाजूक आवाजात म्हणाला, "पाव्हणं, आमच्यात पोरं ढिगानं! तुमचा दिसतो कसा?"

"माझ्यासारखा."

"अगं बया! मंग दडवला तेच बरं झालं."

गर्दी खदखदली. हबीबनं ढोलकीवर थाप मारली. रंगनाथ भडकला.

"हसता काय? लय कामचुकार हाय त्यो! नांगर धरायचा सोडून बैलांपुढं गाणी म्हणायचा. बैल जागचं हालायचं नाय!"

बोलला होता रागानं, पण हशा असा उसळला की तो चपापला. जन्मात त्याच्या बोलण्यावर कुणी हसलं नव्हतं. त्यानं मुंडासं नीट केलं आणि गर्दीकडं वळला. "अन् गाय? गाय तर दूध द्यायची इसरायची!"

बहिरू थक्क झाला. गायीचं साफ खोटं होतं. बाप पदरचं घालत होता!

"त्याला न्यायला आलोय," रंगनाथ म्हणाला. "बाप हाय मी त्याचा."

हबीबनं ढोलकी खाली ठेवली. "बाप तर मी हाय."

"तू कोण?"

"तुम्ही हाकलला, तवा त्यो ज्याच्याकडं आला, त्यो."

हे काही गवळणीतलं नव्हतं. बहिरूनं डोक्यावरचा पदर काढला आणि आपल्या खऱ्या आवाजात म्हणाला, "बा, मी हाय."

रंगनाथनं त्याला नथीपासून पैंजणापर्यंत न्याहाळलं. आता काठी बसणार, असं सगळ्यांना वाटलं. पण म्हातारा गर्दीकडं वळून ओरडला, "आता काय करू? ह्याच्यासाठी सून बघून ठेवली व्हती, आता जावई बघावा लागंल!"

लोक लोळायचे बाकी राहिले.

खेळ संपल्यावर पडद्यामागं त्यानं बहिरूच्या पाठीवर हात ठेवला. घरी चल म्हणेल, अशी बहिरूची अटकळ. रंगनाथनं हळूच विचारलं, "उद्या कवा असतो रं खेळ?"

त्यानंतर जत्राभर तो रोज फळ्यांवर चढला. घरी मात्र निरोप धाडत होता, "पोरगं हट्टाला पेटलंय. समजूत घालतोय."

शेवटी बहिरूची आई, चिमणाबाई, स्वतःच गाडीत बसून आली. गर्दीत बायको दिसताच रंगनाथची वाचा बसली. बहिरूनं कोपरानं ढोसलं, तरी तोंडातून शब्द फुटेना.

"बोला की!" चिमणाबाई खालून गरजली. "घरात तर भिंतीशी बी भांडता!"

त्या दिवशीचा सगळ्यात मोठा हशा तिनंच घेतला.

खेळानंतर तिनं पदरानं लेकाच्या तोंडाचा रंग पुसला, बराच वेळ पुसत राहिली. मग भाकरी-गुळाचं गाठोडं सोडलं आणि नवऱ्याशेजारी हबीबला बसायला सांगितलं. रंगनाथनं गावचं कुणी बघत नाही ना म्हणून इकडंतिकडं पाहिलं.

"सगळ्या जत्रेपुढं नाचलात," चिमणाबाई म्हणाली, "आता कुणाला भ्यायलात?"

त्यानं सरकून हबीबला जागा दिली.

बहिरू फडातच राहिला. पेरणीला तेवढा घरी येईन, असं त्यानं आईला कबूल केलं. इकडं जेवता जेवता दोन्ही बापांची जुंपलीच. जास्त हशा कुणाच्या बोलण्याला पडतो, यावरून. बहिरूनं दोघांच्याही पुढ्यातला गूळ उचलला आणि बाजू कुणाचीच घेतली नाही.