पडद्यावरचा नंबर

सी लुत्फींचा नियम सोपा होता. नवशिक्या पोरांचं काम पाहायचं, तर आधी दोन गोड शब्द, मग एक कडू, आणि निरोप देताना पुन्हा एक गोड. जर्जीस गावच्या युवाकेंद्राचे ते प्रमुख; 'सी' म्हणजे आमच्याकडे 'साहेब'. माणूस देवमाणूस, आणि देवमाणसांशी भांडता येत नाही हीच त्यांची मोठी अडचण.

मी सफाक्स शहरातली. इथे पोरांना वेबसाइट बनवायला शिकवायला आले त्याला महिना झाला होता, आणि त्या महिन्यात एवढं गोड ऐकलं होतं की दात किडायचेच बाकी होते. दर गुरुवारी दुपारी एकेकाचं काम भिंतीवरच्या पडद्यावर लावायचं, बाकीच्यांनी बघायचं आणि एका सुरात म्हणायचं, "अल्ला तुला आरोग्य देवो!" आमच्याकडे हे वाक्य खड्डा खणणाऱ्यालाही म्हणतात आणि त्यात पडणाऱ्यालाही. वाईट काहीच नाही त्यात. पण पोरगं "मॅडम, कसं झालंय?" असं विचारतं, तेव्हा त्याला आरोग्य नको असतं, उत्तर हवं असतं.

त्या गुरुवारी साबिरने मामाच्या तेलघाण्यासाठी केलेलं पान लावलं. पिवळ्या रंगावर पांढरी अक्षरं. मी म्हटलं, "साबिर, हे तेल विकायचंय की लपवायचंय?"

वर्ग हसला. साबिरही हसला, कान खाजवत जागेवर गेला आणि लगेच रंग बदलायला बसला. पोरं काही काचेची नसतात. मोठ्यांना वाटतं तेवढी तर नाहीच नाही.

पुढची इश्राक. ती उठली आणि सी लुत्फींनी मला हाताला धरून व्हरांड्यात नेलं.

"दोर्साफ, पोरी, हिला मात्र फक्त गोड. कडू एकही नको."

"का? हिचे लाड का?"

"निदालची बहीण आहे ती."

निदालचं नाव गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आता मलाही. गेल्या वर्षी इथल्याच किनाऱ्यावरून नावेत बसून इटलीला निघालेल्या पोरांतला एक. नाव फुटली. काही पोरं पोचली, काहींची प्रेतं परत आली, आणि निदाल ना पोचलेल्यांत ना परत आलेल्यांत. अठरा वर्षांची इश्राक वेबसाइट करायला शिकली ती त्याच्यासाठीच. तिचं पहिलंवहिलं काम म्हणजे भावाला शोधणारं पान. इटलीतल्या संस्थांनी ते पुढे पाठवलं, हजारो लोकांनी पाहिलं.

"सात महिने झाले," सी लुत्फी म्हणाले, "एक फोन आला नाही. तिची आई, मब्रूकामावशी, म्हणते, जिवंत असता किंवा मेलेला सापडला असता, तर कुणीतरी फोन केलाच असता. उद्या जुम्म्यानंतर ती त्याच्या नावाने जनाज्याची नमाज पढवून घेतेय. प्रेत नसलं तरी पढतात तशी. मग हे पानही बंद. बंद करायच्या आधी सगळ्यांनी एकदा बघावं, एवढीच पोरीची इच्छा आहे."

मी मान हलवली. माझी जीभ फटकळ असली तरी मी राक्षस नाही.

पान उघडलं. काळी पार्श्वभूमी, मधोमध निदालचा हसरा फोटो, भुवईवरची खूण, अंगातला सदरा, निघाल्याची तारीख. त्याखाली इश्राकने लिहिलं होतं, 'आमची आई दार उघडं ठेवते.' अगदी तळाला फोन नंबर. वर्गात कुणी नाक ओढलं, कुणी डोळे पुसले, आणि मग सगळे हलक्या आवाजात म्हणाले, "अल्ला तुला आरोग्य देवो, इश्राक."

पाणी माझ्याही डोळ्यांत आलं, खोटं कशाला बोलू? पण डोळ्यांत पाणी असलं की दिसत नाही, आणि मला तर बघण्यासाठीच बोलावलं होतं. मी डोळे पुसले आणि सवयीने, प्रत्येकाला विचारते तेच विचारलं.

"समज, मी परकी आहे. मी निदालला पाहिलंय. आता मी काय करायचं?"

सी लुत्फींनी घसा खाकरला. मी तिकडे पाहिलंच नाही.

"फोन करायचा, मॅडम. खाली नंबर आहे."

"वाच बघू."

इश्राकने पडद्याकडे पाहत घडाघडा वाचला, "अठ्ठ्याण्णव, चारशे बारा..." पुढचे आकडेही एका दमात. माझी नजर पडद्यावर होती आणि कान तिच्याकडे, आणि दोघांचं काही जुळेना.

"साबिर, तू वाच. जे दिसतंय तेच वाच."

"पाचशे सत्तावीस," साबिर म्हणाला, "चारशे बारा, मग... अठ्ठ्याण्णव." आणि तो थांबला. "हे काय?"

घोडं इथे पेंड खात होतं. आपली अरबी अक्षरं उजवीकडून डावीकडे धावतात, आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. इश्राकने नंबर बरोबर लिहिला होता, पण वाचायला सोपा जावा म्हणून मध्ये जागा सोडून तीन तुकडे केले होते. मशीनला ते तीन वेगळे शब्द वाटले. त्याने ते अक्षरांसारखे उजवीकडून मांडले, पहिला तुकडा शेवटी, शेवटचा पहिला. लिहिताना बरोबर, दिसताना उलटा. आमच्या लिपीत काम करणारा प्रत्येक नवशिका ही चूक एकदा तरी करतो, आणि कुणीतरी त्याला टपली मारून ती दाखवतं. इश्राकला कुणी टपली मारली नव्हती.

घरच्यांना नंबर पाठ, म्हणून त्यांना तो बरोबरच दिसला. गावाला घर ठाऊक, फोन कोण करणार? आणि बाकी सगळे रडत होते.

मला संताप आला. इश्राकचा नव्हे, त्या सगळ्या दयेचा. सात महिने हजारो माणसं या पोरीच्या पानासमोर उभी राहून हळहळली आणि एकानेही ते वाचलं नाही.

इश्राकचा चेहरा पांढराफटक पडला होता. "म्हणजे लोकांनी... मॅडम, मग हा नंबर कुणाचा?"

कुणी काही बोलायच्या आत तिने स्वतःच्या फोनवर तो उलटा नंबर दाबला आणि आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला. पलीकडे पत्रा ठोकल्याचा आवाज येत होता.

"हलो! कोण?"

"काका, माफ करा... निदालसाठी तुम्हाला कधी कुणाचा फोन..."

"पुन्हा निदाल!" म्हातारा उखडला. "अगं बाई, मी कैरवानचा, गाड्यांचे पत्रे ठोकणारा माणूस! निदाल माझा मुलगा नाही, भाचा नाही, निदाल नावाची माझी शेळीसुद्धा नाही! किती वेळा सांगायचं तुम्हा लोकांना?"

"काका, मी त्याची बहीण."

ठोकाठोकी थांबली.

"बहीण? मग पोरी, माझा नंबर कशाला दिलात?"

"चुकून. माझ्या हातून चुकलं. काका, फोन कुणाचे यायचे?"

"कुणाकुणाचे... काही टवाळ पोरांचे. एक बाई नुसतीच रडली." त्याचा आवाज आता खाली आला होता. "आणि एक इटलीतून. कतानियाच्या इस्पितळातून बोलत होती, आपली भाषा मोडकीतोडकी. म्हणाली, इथे एक पोरगा आहे. बोलत नाही, कुठला ते सांगत नाही, पण फोटोतल्यासारखा दिसतो. भुवईवर खूण आहे."

इश्राकने टेबलाची कड घट्ट धरली.

"पुन्हा पुन्हा करायची बिचारी," म्हातारा म्हणाला. "मी तरी काय सांगणार? म्हटलं, बाई, त्याचं इथे कुणी नाही. ती म्हणे, नंबर तर हाच आहे. म्हटलं, असेल, पण त्याचं इथे कुणी नाही. मग म्हणाली, बरं, त्याला तसं सांगते."

"कधी? कधीची गोष्ट?"

"उन्हाळ्यातली. पोरी, मला काय ठाऊक गं... तिचा नंबर माझ्या फोनात कुठला राहतोय आता? पण मी मुलाला फोन कंपनीत पाठवतो, आत्ता पाठवतो. ऐकतेस ना?"

इश्राकने हो म्हटलं, आभार मानले, फोन ठेवला. सी लुत्फी खुर्चीत बसून आपल्या तळव्यांकडे बघत होते. त्यांना बोलण्यासारखं माझ्याजवळ बरंच होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरूनच समजत होतं की त्यांना कळलंय.

इश्राक मशीनपाशी बसली. तिने नंबरातल्या मोकळ्या जागा काढून टाकल्या. पडद्यावर आकडे सरकले आणि सरळ झाले. एवढंच काम होतं, दोन बोटांचं.

"आणखी काय चुकलंय?" आमच्याकडे न बघता तिने विचारलं.

"राहू दे आज, बेटी," सी लुत्फी म्हणाले.

"नाही. सगळं सांगा. गोड काही नको."

मग साबिर म्हणाला, "फोटो फार मोठा आहे. साध्या फोनवर उघडतच नाही लवकर." मागच्या बाकावरून आवाज आला, "इटालियनमध्ये एक ओळ नाही." दुसरी मुलगी घाबरत म्हणाली, "फोन नाही लागला तर निरोप ठेवायला जागाच नाही, इश्राक." मी म्हटलं, "आणि काळा रंग काढ. हे शोकाचं पान नाही." ती मान न हलवता एकेक ऐकत होती आणि दुरुस्त करत होती. रडत कुणीच नव्हतं. माझ्या महिनाभरातला तो पहिला खरा वर्ग होता, आणि मला तो नकोसा झाला होता.

काम संपल्यावर ती म्हणाली, "मॅडम, घरी याल? मला एकटीला सांगता येणार नाही."

अंगणात बायका उद्या नमाजनंतरच्या जेवणासाठी कुसकुसचा रवा हाताने वळत बसल्या होत्या. मब्रूकामावशी मधोमध, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. इश्राक तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

"आई, उद्याची नमाज थांबव. फोन आला होता. कतानियाहून, इस्पितळातून. भुवईवर खूण असलेला एक मुलगा आहे म्हणे. बोलत नाही."

बायकांचे हात थांबले. एकीने अल्लाचं नाव घेतलं. मावशी मात्र लेकीकडे बघत राहिली.

"कधी आला होता?"

"उन्हाळ्यात."

"मग आपण काय सांगितलं?"

इश्राकने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसले.

"त्याचं इथे कुणी नाही, असं सांगितलं," इश्राक म्हणाली. "आणि ती बाई म्हणाली, त्याला तसं सांगते."

मावशीने हातांचा रवा झटकला.

"बोलत नाही म्हणालीस ना तो?"

"हो, आई."

"मग ऐकूही येत नसेल," मावशी म्हणाली. "अल्ला करो, माझ्या लेकराला ऐकू येत नसो."