पुलावरचा उपाशी डबा

“मॅडम, तुमच्या ह्या डब्याला भूक लागती का वो?”

पुलाला बसवलेल्या डब्याकडं बोट दाखवत शीतलनं विचारून टाकलं. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. मागं पुलाच्या कठड्याला टेकून राणी आणि तिची टोळी फिदीफिदी हसत होती. वडापावाची पैज होती. मग मागं कशाला हटायचं? शाळेत भाषणाचा पहिला नंबर काढल्यापासून शीतलच्या जिभेला लगामच राहिला नव्हता.

पुण्याहून आलेल्या साधना मॅडम मात्र हसल्या नाहीत. मांडीवरचा लॅपटॉप बाजूला सारून म्हणाल्या, “लागते ना! ऊन खातो तो. पुलाला हादरे किती बसतात, ते आम्हाला कळवत राहतो. पण दसऱ्यापासून उपाशी आहे बिचारा. गप्प बसलाय.”

“प्लेट पुसणारा माणूसच बदला, मॅडम,” जीपचा ड्रायव्हर एकनाथ म्हणाला. “फुकटची रोजी खातोय नुसती.”

शीतलचं हसू जागच्या जागी विझलं. प्लेट पुसणारा माणूस म्हणजे तिचा बाप, तिचा आबा, धाकलू. जन्मभर दुसऱ्याच्या भातखाचरात राबलेल्या माणसाला दाराशी असं बारमाही काम पहिल्यांदाच मिळालं होतं. पुलाच्या टोकाला खांबावर बसवलेली, उन्हावर वीज करणारी काच पुसायची, चढलेले वेल तोडायचे. एवढंच. पण त्या कामावर घर उभं होतं. तरीही दहावी झाली की शीतलला रिसॉर्टात चादरी धुवायला लावायचं, हे घरात ठरल्यात जमा होतं. आता हे काम सुटलं, तर दहावीपर्यंत तरी कोण थांबणार?

आणि डबा उपाशी का, ते तिला आत्ता लख्ख कळलं होतं.

पळत जाऊन ते सगळं पुसून टाकावं? दोन पावलं ती पळालीही. मग थांबली, वळली.

“मॅडम, हळदकुंकवातनं ऊन आत जातं का?”

ह्या प्रश्नावर कुणाची पैज नव्हती.

सगळे पुलाच्या टोकाला आले, तर धाकलू तिथं उभाच होता. प्लेटीवर हळदकुंकवाचा जाड लेप, वर झेंडूचा टपोरा हार, सुकून काळपटलेला.

“पुसलं न्हाईस व्हय रं हे?” एकनाथ कडाडला.

“पूजेवर फडकं कसं मारायचं?” धाकलू म्हणाला. “दसऱ्याला कोयता पुजतो, इळा पुजतो, तसं ह्याला पुजलं. आवंदा पुरात पुलाचा खांब हालतोय म्हणून ह्यानंच सांगितलं. पूल बंद झाला, शाळेची जीप पल्याडच थांबली. ह्यो नसता तर...” त्यानं शीतलकडं पाहिलं आणि पुढचं गिळलं.

मॅडम चपला काढून पुढं झाल्या, हार अलगद उतरवला आणि धाकलूच्या ओंजळीत ठेवला.

“काका, दरवर्षी पूजा करा. पण डब्याची करा. ही प्लेट म्हणजे त्याचं तोंड. तोंड बांधून कोण जेवतं?”

“आगं बया!” धाकलूनं कपाळाला हात लावला. “माज्याच हातानं उपाशी ठिवला की!”

मॅडमना हसू आवरेना. एकनाथला म्हणाल्या, “माणूस बदलायचा नाही हं. इतका जीव लावणारा दुसरा कुठून आणू?”

हार पाण्यात सोडला. ओलं फडकं फिरलं. ऊन चांगलं तापलं. काही वेळानं एसटी धडधडत पुलावरून गेली आणि मॅडमच्या मोबाइलवर एक रेघ टुणकन उडाली.

“बोलला! आबा, बोलला त्यो!” शीतल अशी किंचाळली, की राणीनं वडापाव न मागता तिच्या हातात ठेवला. शीतलनं त्यातला अर्धा आबाला दिला.

संध्याकाळी चुलीपाशी आई नाचणीची भाकरी थापत होती. धाकलू नखांतली हळद काडीनं कोरत होता. निघत नव्हती, आणि त्यालाही काही घाई नव्हती.

“आबा, आये, ऐका,” शीतल दोघांच्या मधे उभी राहिली. “रिसॉर्टात चादरी धुवाया मी जायाची न्हाई. दहावी झाली की पौडच्या कॉलेजात सायन्स घेणार हाय. पुलाच्या डब्याला जेवू कसं घालायचं, ते शिकणार हाय मी.”